पॉर्न आणि बाईकडे पाहण्याची नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसोबत मी लैंगिकतेवर सत्रं घेते. दाराशी एक खोका ठेवलेला असतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम. पहिल्या दिवशी पाचसहा चिठ्ठ्या येतात, दुसऱ्या दिवशी खोका भरतो. पॉर्नबद्दलच्या चिठ्ठ्या बघताक्षणी ओळखू येतात: अक्षर बारीक आणि घड्या सगळ्यात जास्त. खालचे प्रश्न त्या चिठ्ठ्यांमधले आहेत. पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले.

पॉर्न पाहणारा मुलगा बायकांना कमी लेखतोच का?

नाही, प्रत्येक जण लेखत नाही. पण "काहीच संबंध नाही" असं म्हणणंही खरं नाही.

या प्रश्नावरचा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा अभ्यास डेन्मार्कमधला आहे. गर्ट मार्टिन हाल्ड, नील मॅलमथ आणि थेइस लांगे यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तरुण प्रौढांना दोन बाजूंनी तपासलं. आजवर किती पॉर्न पाहिलं आणि बायकांबद्दल काय वाटतं, हे आधी विचारलं. पुरुषांमध्ये जास्त पाहणाऱ्यांची समानतेबद्दलची मतं जास्त मागासलेली निघाली आणि बायकांविषयीचा आकसही जास्त निघाला. मग प्रयोग केला: चिठ्ठ्या टाकून निवड करावी तसे गट पाडले आणि काहींना हिंसा नसलेलं पॉर्न दाखवलं. पाहिल्यानंतर आकस वाढला, पण सगळ्यांचा नाही. स्वभावाने जे तुसडे होते, दुसऱ्याशी जुळवून घेणं ज्यांना जड जातं, त्यांचाच वाढला. आणि तो वाढला लैंगिक उत्तेजनेच्या वाटेने. म्हणजे शरीर तापलेलं असताना मनात आधीपासून असलेलं काहीतरी वर आलं.

म्हणून "पॉर्न वाईट की चांगलं" या प्रश्नावर मी फार वेळ घालवत नाही. ते सगळ्यांना सारखं लागत नाही. कुणाला लागतं, हा खरा प्रश्न आहे.

बायकांबद्दलचा आकस मोजतात तरी कसा? सरळ विचारलं तर कोण कबूल करणार?

सरळ विचारतच नाहीत. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात २२ विधानं आहेत आणि प्रत्येक विधान किती पटतं ते ० ते ५ मध्ये सांगायचं. अर्धी विधानं उघड वैराची आहेत. बायका साध्या बोलण्यातही अपमान शोधतात, त्यांना पुरुषाला मुठीत ठेवायचं असतं, अशा धर्तीची. उरलेली अर्धी गोड आहेत: बाईला जपलं पाहिजे, ती पुरुषापेक्षा निर्मळ असते, तिच्याशिवाय पुरुष अपुरा.

मी सत्रात याच धर्तीवरची काही वाक्यं कागदावर देते. कागद गोळा केले की दर वेळी एकच चित्र दिसतं. वैराच्या वाक्यांपुढे शून्य किंवा एक, कधी शून्य इतकं गिरवलेलं की कागद फाटायला आलेला. आणि गोड वाक्यांपुढे न अडखळता चार, पाच. मुलीही देतात.

मग बाईला जपणं चूक आहे का? मी तर माझ्या मैत्रिणीला डोळ्यात तेल घालून जपतो.

ही चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. आजारी माणसाला जपतो, दमलेल्या माणसाला जपतो, ते प्रेमच. पण जपण्याला अट लागली की त्याचं रूप बदलतं. ती रात्री उशिरापर्यंत बाहेर राहिली, तिने आधी कुणाशी संबंध ठेवले होते हे कळलं, तिने पलंगावर स्वतःहून काही मागितलं, की "जपण्याच्या लायकीची" आणि "नसलेली" अशा दोन बायका डोक्यात तयार होतात. पॉर्न या दुसऱ्या बाईचंच दुकान मांडतं. पहिलीशी लग्न करायचं आणि दुसरीला पाहायचं, ही विभागणी मी इतक्या चिठ्ठ्यांमध्ये वाचली आहे की आता शब्दही पाठ झालेत.

ग्लिक, फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये १९ देशांतल्या १५,००० हून अधिक स्त्रीपुरुषांची माहिती मांडली. ज्या देशांत उघड वैर जास्त, तिथे गोडीगुलाबीचा लिंगभेदही, म्हणजे त्या गोड वाक्यांमधला, जास्त. दोन्ही हातात हात घालून चालतात.

संबंध आहे म्हणता, पण किती? आकडा सांगा.

सांगते, पण तो वाचायचा कसा तेही सांगते. हाल्ड, मॅलमथ आणि युएन यांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेबाहेर झालेले ९ अभ्यास एकत्र केले, एकूण २,३०९ जण. प्रश्न होता पॉर्न पाहणं आणि बायकांवरच्या हिंसेला पाठिंबा देणारी मतं यांचा. सहसंबंध ०.१८ आला. शून्य म्हणजे काही नातं नाही, एक म्हणजे पुरतं नातं. ०.१८ चा वर्ग केला तर साधारण ०.०३ येतो. माणसामाणसांच्या मतांमध्ये जो फरक असतो, त्यातला तीनेक टक्के पॉर्नशी जोडता येतो. उरलेला सत्त्याण्णव टक्के इतर गोष्टींचा: घर, मित्र, स्वभाव, वडील आईशी कसे बोलतात ते.

हा आकडा ऐकून सत्रात एक गट सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण तीन टक्के हा सगळ्यांचा मिळून काढलेला हिशेब आहे. तो प्रत्येकाला तीन टक्के वाटून दिलेला नाही. एखाद्याला काहीच होत नाही आणि एखाद्याच्या बाबतीत बरंच होतं. हिंसक पॉर्नच्या बाबतीत हे नातं जास्त घट्ट होतं, हेही त्याच अभ्यासात आहे.

याच्या उलट निष्कर्ष आलेले अभ्यास नाहीत का?

आहेत, आणि ते लपवणं मला पटत नाही. टेलर कोहट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या 'जनरल सोशल सर्व्हे'ची १९७५ ते २०१० ची माहिती तपासली. पॉर्न पाहणाऱ्यांची मतं न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त समतावादी निघाली. स्त्रियांनी सत्तेच्या जागी असावं, घराबाहेर काम करावं, गर्भपाताचा हक्क असावा, या तिन्ही बाबतीत. पारंपरिक कुटुंबाबद्दलच्या मतांत आणि स्वतःला स्त्रीवादी म्हणवण्यात दोघांमध्ये फरक नव्हता.

मग खरं कोण? माझ्या मते दोघंही. अमेरिकन पाहणीत वर्षभरात तसला चित्रपट पाहिला की नाही, एवढंच विचारलेलं होतं. किती पाहिलं, काय पाहिलं, हे नाही. न पाहणाऱ्यांमध्ये कर्मठ धार्मिक लोकही बरेच येतात, आणि त्यांची स्त्रियांबद्दलची मतं पॉर्नशिवायच जुनी असतात. शिवाय विचारलेले प्रश्न होते घराबाहेरच्या जगाचे. बाई पंतप्रधान झालेली चालेल म्हणणारा मुलगा रात्री "आज नको" ऐकून तोंड फुगवून पाठ फिरवत नाही, असं थोडंच आहे? सार्वजनिक समानता आणि अंथरुणातली समानता या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पास झालेली पुष्कळ मुलं दुसरीत नापास होतात.

आधी पॉर्न की आधी वृत्ती?

दोन्ही बाजूंनी चालतं. नेदरलँड्समधल्या योखेन पीटर आणि पॅटी व्हाल्कनबर्ग यांनी किशोरवयीन मुलामुलींना ठराविक अंतराने तीनदा प्रश्न विचारले आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. इंटरनेटवर असं साहित्य पाहणाऱ्यांमध्ये पुढे "बाई म्हणजे भोगवस्तू" ही कल्पना वाढली. ज्या मुलग्यांमध्ये ती कल्पना आधीच होती, ते पुढे जास्त पाहू लागले. मुलींमध्ये ही दुसरी दिशा ठळक दिसली नाही. रहाटासारखं आहे हे: एकदा फिरू लागलं की कुठल्या पोहऱ्याने सुरुवात झाली ते सांगता येत नाही.

पण त्यात असं दाखवतात तरी काय? दोन माणसं राजीखुशीने सेक्स करतात, बस.

२०१० मध्ये ॲना ब्रिजेस आणि सहकाऱ्यांनी सर्वाधिक खपाच्या व्हिडिओंमधली ३०४ दृश्यं मोजली. ८८.२ टक्के दृश्यांत शारीरिक आक्रमकता होती: चापट मारणं, फटके देणं, श्वास कोंडेल इतकं तोंडात कोंबणं. ४८.७ टक्के दृश्यांत शिवीगाळ, बहुतेक बाईलाच. करणारे मुख्यतः पुरुष, सोसणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. आणि सोसणारीच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा आनंद, नाहीतर काहीच नाही.

या आकड्यावर आक्षेप आहेत, तेही रास्त आहेत. दोघांना हवी असलेली हलकी चापटही त्यात धरली होती. मार्लेन क्लासन आणि वर आलेले योखेन पीटर यांनी २०१५ मध्ये इंटरनेटवरचे ४०० लोकप्रिय व्हिडिओ पाहिले तेव्हा, चापटी आणि तोंड कोंडणं सोडलं, तर हिंसा कमी आढळली, उघड जबरदस्तीही क्वचितच. पण सूत्रं पुरुषाकडे आणि बाई त्याच्या हाताखाली, हे तिथेही होतं. पुरुषाची तृप्ती दाखवायची, बाईची बहुतेकदा नाही, हेही होतं. एक गोष्ट ऐकून मुलांना धक्का बसतो: त्या व्हिडिओंत पुरुषाचा चेहराच फारसा दिसत नाही. माणूसपण दोघांचंही काढून घेतलेलं असतं, वेगवेगळ्या रीतीने.

मला मात्र दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टी जास्त सलतात. सत्रात मी एक काम देते: शेवटचा पाहिलेला व्हिडिओ आठवा आणि त्यात "चालेल का?" हे कुणी कुणाला किती वेळा विचारलं ते सांगा. खोलीत शांतता पसरते. कंडोम शोधायला कुणी थांबलं? कुणाच्या पायात गोळा आला, कुणी हसलं, कुणी "जरा थांब, दुखतंय" म्हणालं आणि दुसरा खरंच थांबला? एका मुलाने बऱ्याच वेळाने मान वर केली आणि म्हणाला, "मॅडम, थांबलेलं मी कधी पाहिलंच नाही." त्याने थांबणं पाहिलंच नव्हतं. मग त्याला ते येणार कुठून?

मला माहीत आहे की ते सगळं खोटं असतं. मग माझ्यावर परिणाम का होईल?

कथानक खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. प्लंबर येतो आणि पाच मिनिटांत काय घडतं, यावर कुणाचा विश्वास नसतो. पण क्रम आपण खरा धरतो. जॉन गॅग्नन आणि विल्यम सायमन या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार असा, की लैंगिक वागणं उपजत नसतं. नाटकाच्या संहितेसारखं ते शिकलेलं असतं: आधी काय, मग काय, कोण पुढाकार घेणार, कुठे संपणार. जिथे घरात, वर्गात कुणी चकार शब्द काढत नाही, तिथे संहिता एकच उरते.

सत्रातली मुलं "ते खोटं असतं" असं म्हणतात, आणि पुढच्याच चिठ्ठीत विचारतात, "माझं दहा मिनिटांत होतं, हा आजार आहे का?" (नाही. मुळीच नाही.) खोटं म्हणून माहीत असलेल्या गोष्टीशीच ती स्वतःला ताडून बघतात.

गळा दाबलेला मुलींना आवडतो ना?

हा प्रश्न वाढतोय आणि तो वाचताना माझा हात थरथरतो. गळ्याच्या रक्तवाहिन्या दाबल्या की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. बाहेरून वळही न दिसता आतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत नाही, कुणी कितीही सफाईने शिकवत असलं तरी.

एका सत्रानंतर एक मुलगी थांबली होती. मित्राने न विचारता गळ्यावर हात ठेवला तेव्हा ती गप्प राहिली. तिला वाटलं, हे असंच असत असेल. आणि ती गप्प आहे म्हणजे तिला आवडतंय, असं त्याला वाटलं. दोघांनी एकच संहिता पाहिलेली, आणि त्या संहितेत विचारायची ओळच नाही. तो मुलगा दुष्ट नव्हता, असं ती मला तीनदा म्हणाली. नसेलही. ती मात्र आजही मफलर बांधू शकत नाही.

मुलीही पाहतात. त्यांचं काय?

पाहतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर सांगितलेल्या डॅनिश प्रयोगात एक लक्षात राहणारी गोष्ट होती: पॉर्न पाहिल्यानंतर बायकांमध्ये गोडीगुलाबीच्या लिंगभेदावर परिणाम दिसला. बायका स्वतःला कशा नजरेने पाहतात, तोही या विषयाचाच भाग आहे. मुलींच्या चिठ्ठ्यांमध्ये "मला हवंय" फार कमी वेळा येतं आणि "त्याला आवडेल का" फार वेळा.

मला पॉर्नचं व्यसन लागलंय का?

तासांवरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, 'अनिवार्य लैंगिक वर्तन विकार' आहे. सहा महिने किंवा अधिक काळ स्वतःवर ताबा न राहणं, त्यापायी तब्येत, काम, नाती यांची हेळसांड होणं, अशा त्याच्या खुणा. फक्त "हे पाप आहे" म्हणून मन खात असेल, तर तेवढ्यावरून निदान करू नये, असंही तिथे म्हटलं आहे. ताबा सुटलाय असं खरंच वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तो हे रोज ऐकतो.

ग्रुपवर ओळखीच्या मुलीची क्लिप आली. मी फक्त पाहिली, पाठवली नाही.

पॉर्नच्या सगळ्या वादात ही एक जागा अशी आहे जिथे मला दुसरी बाजू दिसत नाही. तिने ती क्लिप तुमच्यासाठी केलेली नव्हती. डीपफेक असेल, म्हणजे कॉम्प्युटरने तिचा चेहरा लावून बनवलेली खोटी क्लिप, तर तिने काहीच केलेलं नव्हतं. डीपट्रेस या कंपनीच्या २०१९ च्या अहवालानुसार इंटरनेटवर सापडलेल्या डीपफेक व्हिडिओंपैकी ९६ टक्के संमतीशिवाय बनवलेलं पॉर्न होतं. मोठ्या साइट्सवरचं सगळं तरी राजीखुशीचं असतं का? डिसेंबर २०२० मध्ये पॉर्नहबने पडताळणी न झालेल्या खात्यांवरचे लाखो व्हिडिओ एका झटक्यात काढले, यावरून काय ते समजा.

डिलीट करा, ग्रुपवर एक ओळ लिहा: "हे काढ, तिला विचारलं होतंस का?" आणि तिला माहीत नसेल तर विश्वासातल्या कुणामार्फत कळवा. ती एक ओळ लिहायला किती धीर लागतो याची मला कल्पना आहे. पण एकाने लिहिली की आणखी दोघंतिघं लिहितात, हे मी पाहिलंय.

पाहणं बंद केलं की नजर बदलेल का?

आपोआप नाही. पाहणं बंद करून दिवसभर बायकांना शिव्या घालणारे व्हिडिओ ऐकत बसलात तर रहाट चालूच आहे.

फरक बोलण्याने पडतो, असा पुरावा आहे. लॉरा फान्डेनबॉश आणि योहाना फान ओस्टन यांनी २०१७ मध्ये १३ ते २५ वयाच्या १,९४७ जणांची पाहणी मांडली. शाळेत पॉर्नबद्दल मोकळेपणाने शिकवलेलं ज्यांच्या जास्त गळी उतरलं होतं, त्यांच्यात पॉर्न पाहणं आणि बाईला वस्तू समजणं यांतलं नातं सैल पडलेलं दिसलं.

माझा मित्र पॉर्न पाहतो. तो मलाही तसाच बघत असेल का?

त्याची ब्राउझर हिस्ट्री उघडून याचं उत्तर मिळणार नाही. तुम्ही "नको" म्हणता तेव्हा तो काय करतो ते बघा. थांबतो, की रुसतो, की पुन्हा पुन्हा विचारून थकवतो? तुम्हाला काय आवडतं हे त्याला ठाऊक आहे का? साइटवरचे शब्द तुमच्यासाठी वापरतो का?

बोलायचं तर अंथरुणात नको. चालताना, भांडी घासताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे बोला. "तू असलं कसं बघतोस!" असं म्हटलं की दार बंद होतं. "त्या दिवशी तू जे केलंस ते कुठून शिकलास? मला दुखलं होतं" हे वाक्य कठीण आहे, पण त्यावर बोलणं होतं. न विचारता शूटिंग केलं, किंवा नाही म्हटल्यावर जबरदस्ती केली, तर मात्र बोलत बसू नका. तिथून निघा आणि कुणाला तरी सांगा.

माझा धाकटा भाऊ पंधराचा आहे. त्याच्या फोनवर दिसलं. आईबाबांना सांगू?

आधी तुम्हीच बोला. त्याला आईबाबांपेक्षा ताई-दादा जवळचे वाटतात. ओरडू नका, फोन हिसकावू नका. "मी पण पाहिलंय" एवढं सांगितलंत तरी निम्मं काम होतं. मग दोनच गोष्टी सांगा. त्यातल्या बाईला काय वाटतं ते कॅमेरा दाखवत नाही. आणि खऱ्या आयुष्यात आधी विचारतात, मध्येही विचारतात, आणि समोरचं माणूस नाही म्हणालं की थांबतात. तो "माहितेय मला" म्हणून कान लाल करून फोनकडे वळेल. वळू दे. आठवड्याभरात तोच काहीतरी विचारायला येईल, बहुतेक भलत्याच विषयापासून सुरुवात करून.